हातमोजा कुणाच्या हातात?



गेल्या पावसाळ्यात माझ्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये ती पाच दिवस होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं बेडपॅन काढायला मावशी आल्या, त्या उघड्या हातांनी. शेजारच्या खाटेवरच्या बाईंची जखम चिघळलेली होती. तिथलं आवरून त्या थेट आमच्याकडे आल्या होत्या. मी चिडले. "हातमोजे का नाही घालत? पेशंटला इन्फेक्शन झालं म्हणजे?" मावशी गप्प राहिल्या. रात्री जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "ताई, मोजे कपाटात कुलपात असतात. आम्हाला आठवड्याला एक जोड. फाटला की पुढच्या आठवड्यापर्यंत असंच."

मग त्यांनी उजव्या हाताचं बोट पुढे केलं. महिन्यापूर्वी चादर झटकताना तिच्यात राहिलेली सुई टोचली होती. बोट दाबून रक्त काढलं, डेटॉल लावलं आणि त्या कामाला लागल्या. कुणाला सांगितलं नाही. "सांगितलं तर माझाच निष्काळजीपणा म्हणतील, नि घरी बसवतील."

मला माझीच लाज वाटली. एम.एस.डब्ल्यू. करून दहा वर्षं मी बायांच्या हक्कांबद्दल बोलते आहे. पण चूक शोधायची वेळ आली, तेव्हा माझं बोट सर्वांत खालच्या पायरीवरच्या बाईकडे वळलं. सुई चादरीत कुणी टाकली, हे मी विचारलंच नव्हतं.

२०२० साली करोनाच्या साथीत 'पीपीई किट' हा शब्द घराघरांत पोचला. पण साथ नसतानाही रक्त, लघवी, पू आणि सुया यांच्याशी रोजचा संबंध येतो तो मावशींचा आणि सफाई करणाऱ्या बायांचा. वापरलेली सुई टोचून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांची लागण होऊ शकते. असं असूनही हातमोजे वाटले जातात ते हुद्द्याप्रमाणे, धोक्याप्रमाणे नाहीत. घाण काढणं हे बाईचं काम, त्यातही ठरावीक जातींतल्या बाईचं, ही समजूत दवाखान्याच्या दारातही सुटत नाही. मग तिच्या हाताला संरक्षण लागतं, हे कुणाला सुचतच नाही.

कायदा मात्र स्पष्ट आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम चार खाटांच्या नर्सिंग होमलाही लागू आहेत. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकीला कामावर घेताना आणि नंतर वर्षातून एकदा प्रशिक्षण, दरवर्षी आरोग्य तपासणी, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, पुरेशी संरक्षक साधनं, हे सगळं देणं मालकावर बंधनकारक आहे. सुई टोचल्याची नोंदही ठेवावी लागते. एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ चा कायदा सुई टोचल्यानंतरचे प्रतिबंधक उपचार देण्याची जबाबदारीही आस्थापनेवरच टाकतो.

काही साध्या गोष्टी आपण आपल्या गटांतून सांगायला हव्यात. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. ती वापरणाऱ्यानेच तिथल्या तिथे, न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची. कचरा उचलायला आणि फरशी धुवायला जाड रबरी मोजे हवेत. पातळ मोज्यातून सुई सहज आरपार जाते. पेशंटला हात लावताना दर पेशंटला नवा मोजा, आणि मोजा काढल्यावर साबणाने हात धुणं. एकच मोजा दिवसभर घातला, तर तोच रोग एका खाटेवरून दुसरीवर नेतो. सुई टोचलीच, तर बोट दाबायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठायचं. एचआयव्ही टाळण्याची औषधं शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात.

त्या मावशींचे ७२ तास केव्हाच उलटून गेले होते. त्यांना घेऊन मी तपासणीला गेले. निकाल इथे लिहिणार नाही, तो त्यांचा आहे. हिपॅटायटिस बी ची लस त्यांना कधीच मिळाली नव्हती, एवढं मात्र सांगते.

रुग्णांच्या हक्कांसाठी आपण भांडतो, ते योग्यच आहे. पण मावशींचा हात सुरक्षित नसेल, तर त्या हाताखालची पेशंटही सुरक्षित नाही. हे दोन लढे वेगळे नाहीत. म्हणून पुढच्या वेळी कुणाला भेटायला नर्सिंग होममध्ये जाल, तेव्हा मावशींना दटावू नका. मालक-डॉक्टरांना विचारा: मोजे कुठे ठेवता? लसीची नोंद दाखवाल का? उत्तर मिळालं नाही, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. एकट्या मावशींच्या नावाने नको, गटाच्या नावाने. कारण नोकरी जाते ती एकटीची.

तुमच्या गावात काय दिसलं, ते आम्हाला जरूर कळवा.