जीवदया : कुंभारणीचे घर
पेढीच्या कपाटामागे किंवा चौकटीच्या कोपऱ्यात चिखलाचा वाळलेला गोळा चिकटलेला आढळतो. ते कुंभारणीचे घर. ‘स्केलिफ्रॉन’ प्रजातीतील ही गांधीलमाशी एकाकी राहते. तिला ना पोळे, ना राणी. मादी एकटीच ओली माती आणून कोठड्या रचते, प्रत्येकीत दंशाने निश्चल केलेले कोळी भरते, एक अंडे घालते व तोंड लिंपते.

अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत ही प्रजाती आहे. तिच्यातील हिमालयाच्या परिसरातील ‘कर्व्हाटम’ ही जाती १९७९ साली ऑस्ट्रियात आढळली आणि पुढे युरोपभर पसरली. मालाला चिकटलेल्या घरट्यांतून ती तेथे पोहोचली असावी.

माशी व भ्रमर यांच्याप्रमाणे कुंभारीणही चतुरिंद्रिय, असंज्ञी जीव. तिने कोळी मारले म्हणून तिचे घर मोडण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. विवेक तिला नाही, आपल्याला आहे. शिवाय घरट्याच्या रक्षणासाठी ती माणसावर सहसा धावून येत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत खरवडणी हाती घेण्यापूर्वी जयणेने पाहावे. सर्व कोठड्यांना गोल छिद्रे असतील, तर पिल्ले उडून गेली आहेत. एकही तोंड बंद असेल, तर आत जीव असू शकतो. तेवढा कोपरा छिद्र पडेपर्यंत तसाच राहू द्यावा आणि नोकरांनाही तसे सांगून ठेवावे.