आधी गळा, मग अक्षर

जूनच्या मध्यास शाळा उघडतात. छत्रपती संभाजीनगरच्या कोणत्याही वसाहतीत त्या सकाळी एकच दृश्य दिसते. नवे दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली, हातात घट्ट धरलेला आईचा पदर आणि फाटकातून आत जाताना फुटलेला हुंदका. हा हुंदका थांबवण्यासाठी पूर्वीच्या बाई दोन टाळ्या वाजवून गाऊ लागत. आज अनेक वर्गांत भिंतीवरचा पडदा उजळतो, ध्वनिमुद्रित गाणे सुरू होते आणि रंगीत चित्रे नाचू लागतात. मूल शांत होते हे खरे. परंतु ते गात नाही, पाहत बसते. शाळेच्या पहिल्याच दिवशी आपण त्याला श्रोता करून टाकतो.

हे या नगरीत घडावे, याचे अधिक वाईट वाटते. येथून जेमतेम पंधरा किलोमीटरवर देवगिरीचा दुर्ग उभा आहे. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला शार्ङ्गदेव हा पंडित होता. त्याचे कुल मूळचे काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत आले आणि पुढे हे घराणे यादवांच्या राज्यात स्थिरावले. शार्ङ्गदेव राज्याचा हिशेब सांभाळी, वैद्यकही जाणत असे. त्याने रचलेला ‘संगीतरत्नाकर’ हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरांना आजही वंदनीय आहे.

या सात अध्यायांच्या ग्रंथातील दोन गोष्टी बालशिक्षकाने ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे संगीताची व्याख्या. गीत, वाद्य आणि नृत्य ही तिन्ही मिळून संगीत, असे शार्ङ्गदेव सांगतो. दुसरी गोष्ट अधिक मार्मिक आहे. स्वरांचे विवेचन करण्यापूर्वी तो मानवी देह कसा घडतो आणि त्या देहातून नाद कसा उठतो, हे सांगतो. म्हणजे संगीताचा आरंभ वाद्यातून नाही, पोथीतून नाही, तर शरीरातून होतो. पाच वर्षांच्या मुलाला हे शिकवावे लागत नाही. गाणे ऐकले की त्याचे पाय आपोआप हलतात. आपण मात्र त्याला हाताची घडी घालून बसवतो आणि त्या तासाला ‘संगीत’ म्हणतो!

मग काय करावे? रोजची पंधरा मिनिटे पुरेत. हजेरी गाऊन घ्यावी. बाईंनी प्रत्येकाचे नाव दोन स्वरांत म्हणावे, मुलाने तशाच स्वरांत उत्तर द्यावे. आठ दिवसांत लाजरे मूलही बोलते होते. नंतर डफाच्या ठेक्यावर चालावे. ठेका संथ झाला की हत्तीसारखे, जलद झाला की सशासारखे आणि डफ थांबला की जागच्या जागी पुतळा. यातून लय कळते आणि स्वतःला आवरणेही. स्वरांची ओळख हातांनी करून द्यावी: ‘सा’ गुडघ्याशी, ‘प’ खांद्याशी, वरचा ‘सा’ डोक्याच्या वर. डोळे मिटून टाळ, घंटा, पितळी वाटी आणि करवंटी यांचे आवाज ओळखावेत. चिंचोके भरलेला डबा हा खुळखुळा होतो. कमीअधिक पाणी भरलेले चार पेले जलतरंग होतात. या साऱ्याला खर्च किती? जवळजवळ शून्य.

गाणी मात्र लहान, पाच-सहा स्वरांत फिरणारी असावीत आणि मुलांच्या पट्टीत म्हणावीत. मोठ्यांच्या खालच्या पट्टीत गाऊ लागले की मुले गात नाहीत, ओरडतात. आणि गाण्यांचा शोध दूर घ्यावा लागत नाही. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, पोळ्याची गाणी, झिम्मा-फुगडी, पहाटेचा वासुदेव ही सारी आपलीच संपत्ती आहे. नाथषष्ठीला दिंड्या पैठणची वाट धरतात. वर्गात टाळ देऊन पावली शिकवली, तर गीत, वाद्य आणि नृत्य तिन्ही एकाच खेळात साधतात. नाथांच्या भारुडात तर अभिनयही आहे.

हा केवळ जुन्याचा अभिमान नव्हे. हंगेरीत झोल्तान कोदाय या संगीतकाराने खेडोपाडी हिंडून लोकगीते गोळा केली आणि मुलांचे संगीतशिक्षण मातृभाषेतील गीतांपासून, स्वतःच्या गळ्यापासून सुरू व्हावे, असा आग्रह धरला. त्या पद्धतीने लोकसंगीताचे जे जतन झाले, त्याची दखल २०१६ मध्ये युनेस्कोने घेतली. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. त्यानुसार २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात पंचकोश विकासाचा विचार आहे आणि कलेला हक्काचे स्थान आहे. आपल्या राज्यात २०२५-२६ पासून पहिलीच्या वर्गात नव्या धोरणाची अंमलबजावणी सुरू झाली. कागदावर दार उघडले आहे. आत जायचे की नाही, हे आपण ठरवायचे आहे.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. शिक्षिका म्हणतात, ‘आम्हाला गाता येत नाही.’ आईची अंगाई कोणत्या परीक्षेत उत्तीर्ण झालेली असते? मुलाला बिनचूक गळा नको असतो, आपल्या माणसाचा आवाज हवा असतो. पालक म्हणतात, ‘गाण्यात वेळ जातो, वाचायला कधी शिकणार?’ परंतु ज्या कानाला दोन स्वरांतील भेद कळतो, तोच कान ‘त’ आणि ‘थ’ मधील भेद टिपतो. गाणे अक्षराचा वेळ खात नाही, त्याची वाट मोकळी करते.

आणि थोडे आपल्याही घरात डोकावू. आपल्या संस्कारवर्गांतही पुष्कळदा चार वर्षांच्या मुलांना ताठ उभे करून, अर्थ न कळणारी लांबलचक गीते पाठ करून घेतली जातात. पालकांना कौतुक वाटते, मूल मात्र यंत्र होते. हेतू उत्तम असला तरी ती रीत देवगिरीच्या पंडिताची नव्हे. संचलनात घोषाचा आनक वाजला की पावले आपोआप जुळतात. तालावर बौद्धिक देण्याची गरज पडत नाही. हा अनुभव आपल्या प्रत्येक स्वयंसेवकाला आहे. तोच मुलांना द्यावा.

संघभाव उपदेशाने येत नाही. वीस मुले एका ठेक्यावर पाऊल टाकतात, स्वतःचा आवाज थोडा आवरून शेजारच्याच्या आवाजात मिसळतात, तेव्हा ती समाज होण्याचा पहिला धडा गिरवत असतात. पडद्यावरचे गाणे हा धडा देऊ शकत नाही, कारण पडदा कोणासाठी थांबत नाही.

म्हणून शाळा निवडताना वर्ग वातानुकूलित आहे का, असे विचारण्यापूर्वी एवढेच विचारावे: बाई मुलांबरोबर गातात का? आणि घरी परतल्यावर, रात्री दिवा मालवताना, तोच प्रश्न स्वतःलाही विचारावा.