फवारणीचे औषध व सालदाराचे रक्त

आपल्या खानदेशात 'औषध' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. ताप आला म्हणजे माणसास देतात तेही औषध, आणि कपाशीवर मावा-तुडतुडे पडले म्हणजे पंपात घालून मारितात तेही औषधच. शब्दाची ही सोय आपणांस महाग पडत आहे. माणसाचे औषध तोलून द्यावयाचे असते हे सर्वांस ठाऊक आहे. पिकाचे औषध मात्र झाकणाने अदमासे मोजले जाते, आणि हातावर सांडले तर अंगावरील कपड्यास पुसून काम पुढे चालते. या दोन्ही औषधांचा रक्ताशी काय संबंध येतो, व त्याविषयी जमीनधारक या नात्याने आपले कर्तव्य काय, हे येथे मांडावयाचे आहे.

रक्त हे शरीरात एकदाच भरून ठेवलेले द्रव्य नव्हे. हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जा ते नित्य नवे तयार करीत असते. तांबड्या पेशी दिवसास सुमारे २० हजार कोटी निर्माण होतात, व त्यांतील प्रत्येक सुमारे १२० दिवस टिकते. रक्त थांबविणाऱ्या प्लेटलेट आठ-दहा दिवस टिकतात; रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी बहुतेक तर रक्तात जेमतेम एखादा दिवस राहतात. विहिरीचा झरा बुजला तरी पाणी त्याच दिवशी आटत नाही, तद्वत् मज्जेचे काम बंद पडले तरी मनुष्य काही दिवस हिंडता-फिरता असतो. मग वारंवार ताप येतो, तोंडात व्रण होतात, हिरड्यांतून रक्त येते, अंगावर निळे डाग उठतात. फिकेपणा व धाप पुष्कळदा मागाहून येतात. तोवर कोणते विष केव्हा अंगी लागले याची आठवणही राहिलेली नसते.

मज्जेस मारणारी द्रव्ये कोणती, हे नोंदींवरूनच कळले आहे. बेंझिन हाताळणाऱ्या कामगारांचे रक्त आटते हे स्वीडनमधील एका टायरच्या कारखान्यातील रोग्यांवरून १८९७ साली प्रसिद्ध झाले. हेच बेंझिन अल्प प्रमाणात पेट्रोलमध्ये असते. म्हणून फवारणीनंतर पेट्रोलने हात धुण्याची चाल सर्वथा सोडावी. क्लोरॅम्फेनिकॉल हे विषमज्वरावरील गुणकारी औषध १९४९ च्या सुमारास प्रचारात आले. ते घेणाऱ्या हजारो लोकांत क्वचित एकाची मज्जा कायमची बंद पडते, ही गोष्ट १९५२ साली अमेरिकेच्या सरकारने देशभरच्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या तेव्हा स्पष्ट झाली. आपल्या वडिलांच्या काळी जी पांढरी बी. एच. सी. भुकटी शेतोशेती उधळली जाई, तिच्यावर आपल्या देशात १९९७ पासून बंदी आहे. तिचाच शुद्ध प्रकार जो लिंडेन, तो कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली दिला.

आता आपल्या नित्याच्या फवारणीकडे वळू. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध मारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, आणि शेकडो लोक रुग्णालयात पडले. सरकारने विशेष चौकशी पथक नेमले, आणि मृतांच्या वारसांस दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली. तेथे वापरलेल्या औषधांत प्रोफेनोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट वर्गातील औषधे होती. ही औषधे कोलिनेस्टरेज नावाचे द्रव्य निकामी करितात. त्याच्यावाचून ज्ञानतंतूंचे काम बिघडते, लाळ गळते, दृष्टी अंधुक होते, श्वास कोंडतो. हेच द्रव्य तांबड्या पेशींवरही असते. तेथे ते एकदा पुरते निकामी झाले की त्या पेशीपुरते परत येत नाही. मज्जेने नव्या पेशी कराव्या तेव्हा दिवसाला सुमारे शेकडा एक या मानाने भरपाई होते. म्हणजे जो मनुष्य आठ दिवसांनी पुन्हा पंप पाठीवर घेतो, तो मागील बाकी फिटण्यापूर्वीच नवे कर्ज काढितो. हे कर्ज रक्त तपासल्याने दिसते, एरवी नाही.

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य महसुली दप्तरात गेले. पीकपाहणीत कोणत्या गटात कापूस व कोणत्यात ज्वारी हे आपण दरसाल लिहितो. त्या गटात कोणते विष, किती, व कोणाच्या हातून पडले, याची ओळ कोठेही नसते. वास्तविक कायदा याबाबत मुका नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतील ३७ वा नियम सांगतो की, फवारणी करणाऱ्यांसह औषध हाताळणाऱ्यांची कामापूर्वी व नंतर ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि ऑरगॅनोफॉस्फेटचे काम असेल तर रक्तातील कोलिनेस्टरेज मोजावे. शेतावर हा नियम पाळला जाताना प्रस्तुत लेखकाच्या तरी पाहण्यात नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, मजूरच हातमोजे घालीत नाहीत, उकडते म्हणतात. खरे आहे; म्हणूनच फवारणी सकाळच्या थंड वेळी, वाऱ्याकडे पाठ करून, व एका मनुष्याकडून सलग अनेक दिवस न करविता व्हावी. ही व्यवस्था मालकाच्या हाती आहे, मजुराच्या नव्हे. दुसरा आक्षेप खर्चाचा. साध्या रक्तगणनेस लागणारा पैसा आपण एका फवारणीत सहज घालवितो. पीक वाचविण्यास तो पैसा मिळतो, तर पीक वाचविणाऱ्यास का मिळू नये?

सबब सूचना अशी. सालदारीचा करार आपल्याकडे आखाजीस होतो. तेव्हा बहुधा फवारणी थांबून काही महिने झालेले असतात, आणि म्हणून रक्ताचे मूळ मान कळण्यास तीच वेळ उत्तम. कारण कोलिनेस्टरेजचे प्रमाण माणसागणिक निराळे असते, व मूळ आकडा नसेल तर पुढील घट समजत नाही. मालकाने त्या वेळी स्वखर्चाने सालदाराची, व स्वतः पंप धरीत असल्यास स्वतःचीही, रक्तगणना व ही चाचणी करवावी. पोळ्याच्या सुमारास व दिवाळीत ती पुन्हा करवावी. घरी एक वही ठेवून तारीख, शेत, औषधाचे नाव, प्रमाण व फवारणाऱ्याचे नाव लिहावे. फवारणाऱ्यास ताप आला किंवा हिरड्यांतून रक्त दिसले तर दुकानातून गोळी आणून न देता ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.

आपल्या सभासदांपैकी पाच-पन्नासांनी जरी या आखाजीपासून आरंभ केला, तरी अमळनेर तालुक्यापुरती एक खरी नोंद तयार होईल. सालदार वर्षभर आपले शेत राखतो. त्याचे रक्त राखणे हा कराराचाच भाग समजावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितो.