धंद्याचे चिन्ह : काढणारा कोण, मालक कोण?

नवा धंदा सुरू करताना आपला माणूस सगळे पाहतो. जागा पाहतो, पागडी ठरवतो, माल कुठून उचलायचा याची चौकशी करतो, उधारीचा हिशेब मांडतो. चिन्ह मात्र सर्वांत शेवटी आठवते. उद्घाटनाला चार दिवस उरलेले असतात, बोर्ड रंगवायचा असतो, बिलबुक छापायचे असते. मग छापखान्यात जाऊन सांगितले जाते, "भाई, वर काहीतरी चांगलं टाकून द्या." आणि तोही काहीतरी टाकून देतो.

आमच्या परिचयातील एका तरुणाने असाच मसाल्याचा धंदा काढला. छापखानेवाल्याने पाच हजार पाकिटांच्या ऑर्डरवर चिन्ह 'फुकट' करून दिले. माल चांगला होता, दोन वर्षांत गिऱ्हाईक बांधले गेले. पुढे छपाईचा दर पटेना म्हणून तो दुसऱ्या छापखान्यात गेला. तेव्हा पहिल्याने चिन्हाची फाइल द्यायला साफ नकार दिला. "डिझाइन आमचं आहे, छापायचं तर आमच्याकडेच छापा." वाद चालू असतानाच कळले की पाकिटावरचे चित्र मुळात छापखानेवाल्याचेही नव्हते. इंटरनेटवरून उचललेले तेच चित्र परगावच्या आणखी एका मसालेवाल्याच्या पाकिटावर होते. त्या तरुणाला दोन वर्षांची ओळख पुसून नव्याने सुरुवात करावी लागली. फुकटचे चिन्ह त्याला सर्वांत महाग पडले.

बाजारात ज्याला लोगो म्हणतात आणि कागदोपत्री बोधचिन्ह म्हणतात, ती बोर्डाची सजावट नाही, ती मिळकत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जागा घेताना आपण कागद पाहतो, तसा चिन्हाचाही कागद पाहिला पाहिजे.

हात आपला, शिक्का दुसऱ्याचा

ही गोष्ट आपल्या कारागिरांना तर अधिकच लागू आहे. मदनपुऱ्यात बॅगा तयार होतात, धारावीत चामड्याचे जिन्नस, भिवंडी-मालेगावात कापड. हात आपल्या माणसाचा असतो आणि पुष्कळदा शिक्का बसतो तो दुसऱ्याचा. गिऱ्हाईक शिक्का ओळखते, हात ओळखत नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही 2025 च्या जून महिन्यात प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या, आणि इकडे ओरड झाल्यावर त्यामागे भारतीय चपलांची प्रेरणा असल्याचे मान्य केले. मानांकन गावाच्या मालाला मिळते. त्या मालात हा जोड अमुक कारागिराचा, हे सांगायला त्याचे स्वतःचे चिन्हच लागते.

शंभर वर्षांपेक्षा जुने उदाहरण आपल्या घरातलेच आहे. हमदर्दचे 'रूह अफजा' 1907 पासून बाजारात आहे. 'दिल अफजा' नावाचे सरबत निघाले तेव्हा प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर 2022 मध्ये न्यायालयाने त्या नावाने सरबत विकण्यास मनाई केली. एवढ्या वर्षांची ओळख कायद्याच्या दृष्टीनेही मोलाची ठरली. यातून दोन धडे घ्यावेत. आपली ओळख जपावी, आणि दुसऱ्याच्या ओळखीच्या सावलीत दुकान थाटू नये. नामांकित कंपनीच्या नावातले एक अक्षर बदलून, रंग तेच ठेवून माल खपवणे ही हुशारी नव्हे. ती गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, आणि एका नोटिशीत सगळा माल पडून राहतो.

चिन्ह करून घेण्याचे मार्ग

पहिला मार्ग छापखान्याचा किंवा बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरचा. तो वाईट नाही. पुष्कळ पेंटरांच्या हातात चांगली कला असते. पण चिन्हाचे पैसे छपाईपासून वेगळे ठरवा, वेगळे द्या आणि वेगळी पावती घ्या. 'फुकट' हा शब्द आला की मालकी कुणाची हा प्रश्न अर्धवट राहिला असे समजा.

दुसरा मार्ग कला महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा. मुंबईचे सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय, पुण्याचे अभिनव कला महाविद्यालय यांसारख्या संस्थांत हेच काम शिकवले जाते. अमेरिकेतील नाइकी कंपनीचे जगप्रसिद्ध चिन्ह 1971 मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने अवघ्या 35 डॉलरला काढून दिले होते. पुढे कंपनी मोठी झाली तेव्हा, 1983 मध्ये, कंपनीने तिला आपले शेअर दिले. विद्यार्थ्याकडून काम घ्यावे, पण तो लहान आहे म्हणून त्याची मजुरी बुडवू नये.

तिसरा मार्ग स्वतंत्र धंदा करणाऱ्या चित्रकाराचा. आपल्याकडे 1954 मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी 'गट्टू' काढला आणि रंगाचा डबा घेऊन उभा असलेला तो खोडकर मुलगा घरोघरी पोहोचला. एवढा मोठा चित्रकार प्रत्येकाला परवडणार नाही, पण गावोगावी चांगली माणसे आहेत. आमची एक खास सूचना आहे. उर्दू वृत्तपत्रे संगणकावर गेली तशी कातिबांची रोजी गेली. पण खुशखत लिहिणारे हात अजून पूर्ण संपलेले नाहीत. अत्तराचे, मिठाईचे, कपड्याचे नाव अशा हाताने लिहून घेतले तर ते दुसऱ्या कुणासारखे दिसणार नाही. मात्र शेजारी देवनागरीतही नाव हवे. गिऱ्हाईक सर्व समाजांतून येते.

चौथा मार्ग स्पर्धेचा. रुपयाचे चिन्ह 2010 मध्ये स्पर्धेतूनच निवडले गेले, ते डी. उदय कुमार यांचे. स्वच्छ भारत अभियानाचे 2014 मधील चिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचे, तेही स्पर्धेतून आले. पण सरकारला जे साधते ते लहान दुकानदाराला साधेलच असे नाही. पन्नास जणांकडून काम करून घ्यायचे आणि एकालाच पैसे द्यायचे, हा व्यवहार आम्हाला पटत नाही. त्यापेक्षा दोघा-तिघांकडून कच्ची चित्रे मागवावीत, त्या प्रत्येकाला थोडे मानधन द्यावे आणि पसंत पडेल त्याला पुढचे काम सोपवावे.

पाचवा मार्ग मोबाइलवरच्या तयार नमुन्यांचा आणि हल्ली यंत्राकडून चित्र काढून घेण्याचा. कल्पना सुचण्यापुरता तो बरा. पण जो नमुना आपल्याला मिळतो तोच दुसऱ्यालाही मिळतो, आणि यंत्राने दिलेले चित्र कुणाच्या तरी चिन्हासारखे निघाले तर जाब आपल्यालाच द्यावा लागतो.

एक कागद, चार ओळी

मार्ग कोणताही घ्या, शेवटी कागद हवाच. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृतीचा हक्क सर्वसाधारणपणे प्रथम काढणाऱ्याचा असतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून काढले असेल तर तो मालकाचा होतो. पण बाहेरच्या चित्रकाराला नुसते पैसे दिल्याने लोगोचा हक्क आपोआप आपल्याकडे येतो असे धरून चालू नये. हक्क हस्तांतरित करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षेच धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. आखातात माल पाठवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. म्हणून चित्र कोणते, मोबदला किती, मुदत किती आणि प्रदेश कोणता, या चार गोष्टी स्पष्ट लिहून दोघांनी सह्या कराव्यात. हे काम माझे स्वतःचे आहे, कुठून उचललेले नाही, असेही चित्रकाराकडून लिहून घ्यावे. कोरल ड्रॉची मूळ फाइल त्याच वेळी ताब्यात घ्यावी. नुसता व्हॉट्सॲपवरचा फोटो म्हणजे चिन्ह नव्हे.

पैसे चुकते करण्याआधी चिन्हाची परीक्षा घ्या. एका रंगात छापून पाहा. रबरी शिक्का करून पाहा. अंगठ्याच्या नखाएवढे लहान करून पाहा, आणि रस्त्याच्या पलीकडून बोर्डावर पाहा. या चारही ठिकाणी ओळखू आले तर ते पसंत करा.

त्यानंतर ट्रेडमार्कची नोंदणी. 2017 च्या नियमांप्रमाणे व्यक्ती, नवउद्योग आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे, इतरांना 9,000. मसाले 30 व्या वर्गात येतात, कपडे आणि पादत्राणे 25 व्या, चामड्याच्या बॅगा 18 व्या, अत्तर 3 ऱ्या. तसेच चिन्ह आधी कुणी नोंदवले आहे का, हे नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. हे चिन्ह पसंत करण्यापूर्वीच पाहावे. नोंदणी दहा वर्षे चालते आणि पुढे नूतनीकरण करता येते. नोंदणी झाली नसताना 'नोंदणीकृत' असे छापू नये, कायद्याने त्याला मनाई आहे.

एक नाजूक गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्याकडे पाकिटावर 786, मशिदीचे चित्र किंवा पवित्र नाव घालण्याची हौस असते. हेतू बरकतीचा असतो, यात शंका नाही. पण रिकामे पाकीट शेवटी कुठे पडते? गटारात, पायाखाली. शिवाय ज्या चिन्हाने कुणाच्या धार्मिक भावना दुखावू शकतात त्याची नोंदणी कायदा करत नाही. उदबत्तीसाठी 'रामायण' हे नाव एकट्याला देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितले. जे सर्वांचे आहे ते एकाच्या मालकीचे होऊ शकत नाही. बरकत मालाच्या खरेपणात असते, ती तिथेच ठेवावी.

आमच्या त्या मसालेवाल्या मित्राने पुढे काय केले? गावातल्याच एका चित्रकाराला रीतसर मजुरी दिली, एक पानाचा कागद केला, अर्ज भरला. नव्या पाकिटावर त्याने आपल्या आजीच्या खलबत्त्याचे साधे चित्र घेतले आहे. जुनी गिऱ्हाइके परत यायला वेळ लागला, पण आता ते पाकीट त्याचे आहे, आणि ते कुणी हिरावून घेऊ शकत नाही. नव्याने धंद्यात उतरणाऱ्या आमच्या तरुणांनी हे काम उद्घाटनाच्या आदल्या रात्रीवर न ठेवता भांडवलाच्या यादीतच लिहून ठेवावे, एवढेच आमचे सांगणे आहे.