आईचं तोंड आलं तेव्हा



आज जरा घरचा विषय. २०२२ मध्ये आईला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग डोंबिवलीला केमो सुरू झाली. मी न्यू जर्सीत. रोज सकाळी ऑफिसला निघताना फोन करायचो आणि रोज एकच उत्तर मिळायचं, "बरी आहे रे, भूक नाही एवढंच." मीही औषधं, रिपोर्ट, बिलं यांची एक्सेल शीट करून समाधानात होतो.

दुसऱ्या केमोनंतर आठव्या दिवशी घरी पोचलो. आई वरणभाताची वाटी पुढ्यात घेऊन तासभर बसली होती. टॉर्च लावून तोंड बघितलं तर गाल आतून लालभडक आणि जिभेच्या कडेला दोन पांढुरकी चट्टं. भूक होती हो, गिळवत नव्हतं! आम्हाला काळजी नको म्हणून बोलली नाही.

केमो भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते आणि तोंडाचं आतलं अस्तर अशाच पेशींचं असतं. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी तोंड येतं आणि रक्तातल्या पेशी सावरल्या की दोन-तीन आठवड्यांत भरून येतं. मधले दिवस काढायचे असतात, आणि ते घरीच काढायचे असतात.

आता माझा पराक्रम ऐका. मी बॅगेतून मोठ्या कौतुकाने अमेरिकन माउथवॉश काढला. आईने गुळणी केली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. तरी म्हणते, "चांगलं आहे रे, जरा झोंबतं." बाटलीवर बारीक अक्षरात अल्कोहोल लिहिलेलं मी नंतर वाचलं. इंजिनिअर माणूस, मॅन्युअल शेवटी वाचणार!

नर्सबाईंनी जे सांगितलं ते दहा रुपयांत होणारं होतं. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे) आणि त्याच्या निम्मं मीठ. चमचा चहाचा. प्रत्येक खाण्यानंतर, झोपताना, आणि तोंड फार दुखत असेल तर जागेपणी दर दोन-तीन तासांनी हळूच खुळखुळवून थुंकायचं, मग साध्या पाण्याने चूळ भरायची. मी फोनवर अलार्म लावले. आई वैतागली, पण करायची.

खरी लढाई दंतमंजनाची झाली. चाळीस वर्षं ती लाल मंजन बोटाने घासत आलीय. ती भुकटी सोललेल्या हिरडीवर म्हणजे सँडपेपरच! लहान मुलांचा एकदम मऊ ब्रश आणला, तो आधी कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा. तिला पटवायला दोन दिवस लागले, तेही बाबांनी स्वतःचं मंजन बंद केल्यावर. कवळी रात्री काढून ठेवायची, आणि तोंड आलेलं असताना फक्त जेवणापुरती लावायची.

जेवण कोमटच. गुरगुट्या भात तूप घालून, नाचणीची पेज, शिकरण. ताक तिला बोचायचं, म्हणून बंद. स्टीलच्या चमच्याने धातूची चव येते म्हणाली, मग आइस्क्रीमबरोबर येतो तो लाकडी चमचा दिला, त्याने दोन घास जास्त गेले. शेजारच्या काकूंनी लवंगेचं तेल सुचवलं होतं. मायेने सुचवलं, पण ते जखमेवर नकोच. बर्फ चघळण्याचंही स्वतःच्या मनाने करू नका. फ्लुरोयुरासिलचं इंजेक्शन देताना अर्धा तास बर्फ चघळायला सांगतात, पण ऑक्झॅलिप्लॅटिन चालू असेल तर गारठा अजिबात सोसत नाही. डॉक्टरांना औषधाचं नाव विचारा आणि मगच करा.

अकराव्या दिवशी रात्री दीड वाजता आईचं अंग तापलं. थर्मामीटर १००.८. मी म्हणालो, "बाबा, क्रोसिन देऊ, सकाळी बघू." बाबा म्हणाले, "कागदावर १००.४ लिहिलंय ना? मग फोन लाव." (फाइल मी बनवली होती, वाचली त्यांनी.) पेशी खूप खाली गेल्या होत्या, लगेच ॲडमिट करून अँटिबायोटिक सुरू केलं. तोंडातल्या जखमेतून जंतू रक्तात जाऊ शकतात आणि क्रोसिनने ताप झाकला जातो, हे मला तिथे व्हरांड्यात उभं राहून कळलं. चार दिवसांनी घरी आली.

तिसऱ्या केमोच्या आधी मी परत इकडे आलो. तेव्हापासून फोनवर "कशी आहेस" विचारणं बंद केलं. "काय खाल्लंस, किती वेळा चूळ भरलीस, कॅमेऱ्याकडे आ कर." आई म्हणायची, "तू सॉफ्टवेअरवाला की दातांचा डॉक्टर?" पण आ करायची. एकदा जिभेवर पांढरा थर दिसला, तो बुरशीचा निघाला. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी औषध दिलं.

शेवटच्या केमोनंतर दोन महिन्यांनी एका रविवारी तिचाच फोन आला. ठेचा-भाकरी खाल्ली म्हणे.

"झोंबलं का ग?"

"झोंबलं की!" काय खूश होती!

बाकी सगळं ठीक. पुढच्या वेळी तिकडच्या मेडिक्लेमच्या कागदांबद्दल लिहितो, तो वेगळाच तमाशा आहे.

कळावे, लोभ आहेच.