गिरणगावची जमीन कोणी गिळली? संप, टॉवर आणि नियम क्रमांक ५८

१/ डॉ. दत्ता सामंतांचा संप फसला, गिरण्या बंद पडल्या आणि लालबाग-परळात टॉवर उभे राहिले, ही कथा अनेकांना तोंडपाठ असते. तिचे पहिले दोन भाग ढोबळमानाने खरे आहेत. तिसरा मात्र आपोआप घडलेला नाही. बंद गिरणी आणि टॉवर यांच्यामध्ये एक शासकीय नियम उभा होता. तो कसा हटवला गेला, त्याचा हा धागा.

२/ १८५४मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीचा पाया घातला. पुढे मुंबईच्या ऐन मध्यावर सुमारे ६०० एकरांवर ५८ गिरण्या राहिल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही.

३/ संपानंतर नऊ वर्षांनी, १९९१मध्ये, बृहन्मुंबईसाठी नवी विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्या ५८व्या नियमानुसार गिरणीच्या जागेचा पुनर्विकास करायचा तर जमिनीची वाटणी बंधनकारक होती. ५ ते १० हेक्टरांच्या गिरणीत ३३ टक्के जमीन मैदाने व उद्यानांसाठी महापालिकेला, ३४ टक्के घरांसाठी म्हाडाला आणि ३३ टक्के मालकाला.

४/ येथे क्षणभर थांबावे. संप फसून नऊ वर्षे उलटली होती, तरीही या जमिनीच्या सुमारे दोन तृतीयांश भागावर शहराचा हक्क कायद्याने मान्य होता. मग ही जमीन संपात गेली, असे म्हणता येईल काय?

५/ १९९६मध्ये राज्य शासनाने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करावा, म्हणजे शहराला तुकड्यांऐवजी सलग मोकळ्या जागा मिळतील, असा त्याच्या शिफारशींचा रोख होता. त्या शिफारशी अमलात आल्या नाहीत.

६/ मार्च २००१मध्ये नियम ५८ बदलला. वाटणीचे तत्त्व कागदावर कायम राहिले; पण वाटणी आता फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची. जिच्यावर गिरणीच्या शेड उभ्या होत्या, ती जमीन वाटणीतून वगळली गेली. त्या शेड पाडून नवे बांधकाम करण्याची मुभा मात्र मालकाला मिळाली.

७/ साधा हिशेब करून पाहू. समजा, एक गिरणी ६ हेक्टरांची आहे; ५ हेक्टरांवर बांधकाम, १ हेक्टर मोकळा. जुन्या नियमाने मैदानांसाठी सुमारे २ हेक्टर, म्हणजे जवळजवळ २०० गुंठे मिळाले असते. नव्या नियमाने सुमारे ३३ गुंठे. गिरण्यांच्या आवारात शेडच दाटीवाटीने उभ्या असतात, हे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हते, यावर कोणी विश्वास ठेवावा?

८/ बदलाचे समर्थक सांगतात की, जुन्या नियमाखाली मालक पुढे येत नव्हते आणि कामगारांची देणी अडकली होती. देणी अडकली होती, हे खरेच. परंतु कामगारांची देणी हाच हेतु असता, तर देणी चुकवण्याची अट अधिक कडक करता आली असती. मैदानांचा आणि घरांचा वाटा कापण्याचे कारण नव्हते. मालक अडून बसला म्हणून शासनाने सार्वजनिक हक्क सोडून द्यावा, हा युक्तिवाद मान्य केला, तर कोणताही नियम टिकणार नाही.

९/ प्रकरण न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००५मध्ये उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्या पर्यावरणवाद्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सुधारित नियम वैध ठरला. वैध ठरला म्हणजे न्याय्य ठरला, असे मात्र नव्हे. धोरणाचा जाब न्यायालयाला नव्हे, ते आखणाऱ्यांना विचारायचा असतो.

१०/ परिणाम डोळ्यांसमोर आहेत. घरांसाठी सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचे व वारसांचे अर्ज आले. म्हाडाच्या वाट्याची जमीन आक्रसली, आणि आता त्यांतील अनेकांना शेलू-वांगणीची वाट दाखवली जाते. ज्यांच्या घामावर परळ उभे राहिले, त्यांना कर्जतच्या गाडीत बसवण्याचा हा प्रकार आहे.

११/ गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या; रस्ते आणि पूल त्या प्रमाणात वाढले नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. मोकळी जागा ही शहराची चैन नाही, हे त्या दिवशी तरी कळायला हवे होते.

१२/ संपाच्या कथेत नायक आहे, मोर्चे आहेत, पराभव आहे. म्हणून ती स्मरणात राहते. राजपत्रातील दुरुस्तीला चेहरा नसतो, म्हणून तिचा इतिहास कोणी लिहीत नाही. ‘संपाने गिरणगाव संपवले’ हे वाक्य सोयीचे ठरते, कारण त्यात सगळा दोष कामगारांच्या माथी जातो आणि २००१ साली सही करणारे हात सुटतात.

१३/ महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम ३७नुसार विकास योजनेत फेरबदल करण्यापूर्वी हरकती व सूचना मागवाव्या लागतात. ही संधी आजही प्रत्येक नागरिकाला आहे. आपल्या गावाच्या वा शहराच्या नियमावलीत बदल प्रस्तावित झाला, तर टक्केवारीआधी व्याख्या वाचाव्यात: ‘मोकळी’ म्हणजे काय, ‘विद्यमान’ म्हणजे काय. गिरणगावात ३३ टक्क्यांचा आकडा तसाच राहिला होता. बदलली होती ती फक्त कशाचे ३३ टक्के, एवढीच बाब.