हाफ तिकीट, पूर्ण नट

मध्य प्रदेश सरकार १९९७ पासून किशोरकुमारच्या नावाने एक राष्ट्रीय सन्मान देते आणि तो गाण्यासाठी दिला जात नाही. दिग्दर्शन, अभिनय, पटकथा आणि गीतलेखन ही त्याची क्षेत्रे आहेत. पहिला मान हृषीकेश मुखर्जी यांना मिळाला. संगीतासाठी राज्याचा लता मंगेशकर सन्मान आधीपासून होताच आणि तो खुद्द किशोरकुमारला हयातीत मिळालाही होता. म्हणजे दोन सन्मानांची सरमिसळ नको या सोयीपोटी का होईना, सरकारी कागदावर हा माणूस सिनेमावाला म्हणून नोंदला गेला. लोकांच्या मनातली नोंद मात्र वेगळी आहे. त्याच्या गावी, खंडव्यात, ४ ऑगस्टला जयंती आणि १३ ऑक्टोबरला पुण्यतिथी होते तेव्हा घुमतात ती गाणी. खकनार, नेपानगर, बऱ्हाणपूर हा आपला पट्टा १५ ऑगस्ट २००३ पर्यंत खंडव्याच्याच पूर्व निमाड जिल्ह्यात होता, त्यामुळे अशोककुमार, किशोरकुमार या गांगुली बंधूंवर आपला हक्क जुनाच. तरी इकडच्या मराठी घरांत आवडत्या अभिनयाची यादी करायला घेतली, की दादामुनी अशोककुमार, श्रीराम लागू, स्मिता पाटील, निळू फुले, संजीवकुमार अशी नावे भराभर निघतात. धाकट्या भावाचे नाव निघते ते गाण्याच्या यादीत. हे त्याच्या एकट्याच्याच बाबतीत होते असेही नाही. हसवणाऱ्या नटाचे काम आपण गमतीत काढतो, अभिनयात धरत नाही. माझ्या मते आपल्या आवडीच्या याद्यांमधली ही सर्वांत मोठी खोट आहे.

'हाफ टिकट' (१९६२) पुन्हा पाहावा. विजय नावाचा श्रीमंत घरचा तरुण घर सोडतो. मुंबईच्या पूर्ण तिकिटाला पैसे पुरत नाहीत, म्हणून लहान मुलाचे सोंग घेऊन अर्ध्या तिकिटावर गाडीत बसतो आणि प्राणने रंगवलेला चोर आपल्याकडचा हिरा नेमका त्याच्याच कपड्यांत दडवतो. गोष्ट एवढीच, आणि ती कुणालाही पटण्यासारखी नाही. ती पटते, कारण किशोरकुमार मूल झाल्याचा देखावा करत नाही. तो मुलासारखा विचार करतो. मोठ्या माणसाच्या अंगात मुलाची हट्टी बुद्धी शिरली तर हात कुठे जाईल, नजर कशावर अडकेल, रडे कुठल्या क्षणी थांबून नवे काही सुचेल, याचा हिशेब त्याच्या अंगात भिनलेला दिसतो. बोबडे बोलणे कुणालाही जमते. बोबडे बोलताना डोळ्यांत लबाडी आणि निरागसपणा एकाच वेळी ठेवणे फार थोड्यांना. त्यातले 'आके सीधी लगी दिल पे' हे गाणे पुरुष आणि बाई अशा दोन्ही आवाजांत त्यानेच गायले आहे आणि पडद्यावर बाईच्या वेषात नाचतोही तोच. शेजारी प्राण आपली खलनायकी जरब जराही सैल न करता ठेका धरतो. एक इतका गंभीर आणि दुसरा इतका मोकाट असल्यामुळेच तो प्रसंग साठ वर्षांनंतरही शिळा झालेला नाही.

'चलती का नाम गाडी' (१९५८) मध्ये तिघे भाऊ एकत्र आहेत. अशोककुमार बायकांचे नाव काढले तरी भडकणारा थोरला, अनुपकुमार मधला, किशोरकुमार धाकटा मनमोहन. पावसाळी रात्री मधुबालाची गाडी बंद पडून गॅरेजमध्ये येते, मनमोहन ती दुरुस्त करतो आणि मजुरीचे पाच रुपये बारा आणे घ्यायचे राहून जातात. पुढचे प्रेम त्या उधारीच्या वसुलीतून फुलते. गॅरेजमधल्या गाण्यात नायक नायिकेकडे फार बघतही नाही. हात गाडीत, पाना ठोकून ताल, अधूनमधून एखादा चोरटा कटाक्ष. हिंदी सिनेमातला नायक त्या काळात प्रेमात पडला की साधारणपणे चंद्राकडे बघून गात असे. इथे प्रेमात पडल्याचे त्या माणसाला स्वतःलाही उशिरा कळते आणि ते कळणे आपल्याला दिसते. याला अभिनय म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? 'पडोसन' (१९६८) तर या सगळ्या वादावरचे मिश्कील भाष्यच वाटते. सुनील दत्तचा भोळा ओठ हलवतो आणि आड दडलेला विद्यापती, म्हणजे किशोरकुमार, त्याच्यासाठी गातो. ज्याला जग पार्श्वगायक म्हणून ओळखते तो नट पार्श्वगायकाची भूमिका करतो आहे आणि पान चघळत, डोळे फिरवत, घामाघूम होत त्या भूमिकेतून धमाल उडवून देतो आहे. फिल्मफेअरचे आठ पुरस्कार त्याला मिळाले ते सर्व गाण्यासाठी. अभिनयासाठी एकही नाही. अशी तऱ्हा जगात आणखी एकाची झाली. चार्ली चॅप्लिनला सन्मान म्हणून दोनदा ऑस्कर दिले गेले, पण स्पर्धेतून मिळालेले त्याचे एकमेव ऑस्कर 'लाइमलाइट'च्या संगीतासाठी आहे, आणि तेही १९७३ मध्ये, सिनेमा तयार झाल्यावर वीस वर्षांनी.

मराठीतही वेगळे चित्र नाही. दिलीप प्रभावळकर यांची सर्वश्रेष्ठ भूमिका कोणती असे विचारले तर जाणकार म्हणवणारे बहुतेक जण 'चौकट राजा' (१९९१) मधल्या नंदूचे नाव घेतील. ती भूमिका मोठी आहेच. पण मुंबई दूरदर्शनवरच्या 'चिमणराव गुंड्याभाऊ'मध्ये बाळ कर्वे यांच्या गुंड्याभाऊसमोर त्यांनी उभा केलेला चिमणराव मला अभिनय म्हणून जास्त अवघड वाटतो. चिं. वि. जोशींचा हा भित्रा, सुशिक्षित, स्वतःला शहाणा समजणारा कारकून १९४० च्या 'लग्न पहावे करून'मध्ये दामुअण्णा मालवणकर यांनी आधीच गाजवलेला होता. एवढी ओळखीची व्यक्ती पुन्हा पडद्यावर आणायची, ती छोट्या पडद्याच्या बेताने, आवाज न चढवता, आणि तिच्या फजितीला हसताना तिच्याबद्दल माया वाटत राहिली पाहिजे. नंदूच्या बाजूने पहिल्या प्रसंगापासून प्रेक्षकांची सहानुभूती असते. चिमणरावाला ती प्रत्येक प्रसंगात नव्याने मिळवावी लागते. पुढे 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधल्या आबांनी तीच वाट आणखी मृदू केली. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याबाबत तर हे अधिक उघड झाले. 'एक होता विदूषक' (१९९२) आला तेव्हा बेर्डेंमधला खरा नट आता दिसला, असे कौतुकाने म्हटले गेले. त्या कौतुकात एक अपमान दडलेला आहे, तो फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. चित्रपटाचा विषयच सोंगाड्याचा. आणि सोंगाड्या जेव्हा हसवणे थांबवतो तेव्हाच तो कलावंत ठरतो, असा निवाडा आपण दिला. 'झपाटलेला'मध्ये (१९९३) याच माणसाने रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यासमोर खरीखुरी भीती उभी केली. समोर निर्जीव बाहुला, आणि तरी तो जिवंत असल्याची प्रेक्षकांची खात्री होते ती बेर्डेंच्या चेहऱ्यामुळे.

हसवणे अवघड का, हे थोडे उकलून सांगायला हवे. करुण प्रसंगात नट अर्धा क्षण मागेपुढे झाला तरी पार्श्वसंगीत सांभाळून घेते, कॅमेरा जवळ जातो, प्रेक्षकही मनाने तयार असतो. विनोदात तो अर्धा क्षण चुकला की प्रसंग जागच्या जागी मरतो आणि थिएटरातल्या शांततेत ते सगळ्यांना कळते. शिवाय विनोद एकट्याने होत नाही. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आठवताना लोक साडीतल्या लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन यांच्याबद्दल बोलतात, पण त्या चित्रपटाचा तोल अशोक सराफ यांच्या धनंजय मानेवर आहे. बाकीचे जितके घसरतात तितका हा माणूस सावरायला धावतो, थाप मारतो, ती निस्तरायला दुसरी मारतो आणि प्रत्येक थापेच्या आधी त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर हिशेब दिसतो. तो हिशेब दिसला नसता तर पुढचे वाक्य नुसता चुटका झाले असते. त्यातली वाक्ये आज मराठी माणसाला तोंडपाठ आहेत. ती लेखणीतून आली असली तरी कानात बसली ती सराफ यांच्या लयीत. लिहिलेले वाक्य वाचून कुणी इतके हसत नाही. सराफ यांना २०२३ चा महाराष्ट्रभूषण आणि २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आनंद आहेच. पण वृत्तपत्रांत आलेल्या लेखांत धनंजय मानेची वाक्ये जितकी आली, तितकी ती म्हणण्यामागच्या कसबाची चिकित्सा आली नाही.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा, की विनोदी भूमिकांचा गौरव होतोच. अमोल पालेकर यांना 'गोल माल' (१९७९) साठी फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, हे खरे आहे आणि ते या परंपरेतले एक शहाणपणाचे वर्ष होते. पण त्याच चित्रपटासाठी उत्पल दत्त यांना पुरस्कार मिळाला तो विनोदी भूमिकेच्या स्वतंत्र रकान्यात. दहा वर्षांपूर्वी 'भुवन शोम'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला हा नट 'गोल माल'मध्ये मिशांवर माणसाची पारख करणारा भवानीशंकर झाला तेव्हा त्याची कला कमी झाली होती काय? वेगळा रकाना आदरासाठी असतो असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तो पंगत वेगळी मांडण्याचा प्रकार असतो. फिल्मफेअरने तो १९६० च्या दशकात सुरू केला आणि चाळीसेक वर्षे चालवला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विनोद लवकर शिळा होतो आणि त्यातला बराचसा आज बघवत नाही. हे मान्यच केले पाहिजे. 'पडोसन'मध्ये मेहमूदने दक्षिण भारतीय संगीत शिक्षकाचे केलेले व्यंग आज खटकते. तोतरेपणा, लठ्ठपणा, काळा रंग, बायकी चाल यांच्यावर बेतलेले विनोद ऐंशी-नव्वदच्या मराठी चित्रपटांत पोत्याने सापडतील आणि त्यांची भलामण करायचे कारण नाही. पण हा दोष लेखनाचा आणि त्या काळाच्या दृष्टीचा. तोच निकष दुसऱ्या बाजूला लावला तर पन्नासच्या दशकातल्या कितीतरी अश्रुपातांवर आज तरुण प्रेक्षक हसतात; त्या भूमिका आपण यादीतून काढतो का? उलट देहाच्या हालचालीवर आणि माणसाच्या स्वभावावर उभा असलेला विनोद सहज टिकतो. 'हाफ टिकट'मधले मुलाचे सोंग टिकले, चिमणराव टिकला. विनोदी नट स्वतःचीच नक्कल करत राहतात, ही तक्रारही खरी आहे. बेर्डेंच्या पुढच्या अनेक चित्रपटांत ती दिसते आणि किशोरकुमारचेही काही सिनेमे नुसत्या धांगडधिंग्यावर निघाले आहेत. पण यादी भूमिकेची करायची आहे, कारकिर्दीची नव्हे. आणि हात पसरून संवाद म्हणणाऱ्या नायकांनी तरी दर चित्रपटात नवे काय केले?

तिसरा आक्षेप खुद्द किशोरकुमारच्या बाजूने घेता येईल. त्याला स्वतःलाच गंभीर काम करायचे होते. बिमल रॉय यांच्या 'नौकरी'त (१९५४) तो बेकार तरुण झाला आणि 'दूर गगन की छाँव में' (१९६४) त्याने स्वतः दिग्दर्शित केला, त्यात मुक्या मुलाच्या सैनिक बापाची भूमिका केली. हे दोन्ही चित्रपट प्रामाणिक आहेत, दुसरा तर चटका लावणारा आहे. तरी मला वाटते, त्या भूमिका त्या काळातले आणखी चार-पाच नट तितक्याच चांगल्या करू शकले असते. 'हाफ टिकट' दुसऱ्या कुणाला जमला नसता. कलावंताला स्वतःचे कोणते काम प्रिय होते यावरून त्याचे श्रेष्ठ काम ठरत नाही. दादामुनींचे उदाहरणही इथे उपयोगी आहे. 'किस्मत'पासून (१९४३) हिंदी पडद्यावर सहज बोलण्याची सवय रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा. 'आशीर्वाद'साठी (१९६८) त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो त्यातल्या शोकांतिकेचा गौरव म्हणूनच पाहिला गेला. पण त्या चित्रपटातले लोकांच्या जिभेवर राहिले आहे ते मुलांना घेऊन त्यांनी स्वतःच्या आवाजात धडधडत म्हटलेले रेलगाडीचे गाणे. 'छोटी सी बात'मध्ये भिडस्त अमोल पालेकरला खंडाळ्याला बोलावून धीटपणाचे धडे देणारा त्यांचा कर्नलही तसाच, ओठांवर हसू न आणता हसवणारा. ज्या नटाला सगळे गंभीर म्हणून मानतात, त्याचीही हसवणारी बाजू आपण तळटीप करून ठेवली.

तेव्हा खंडव्याच्या आयोजकांना एक सुचवावेसे वाटते. येत्या १३ ऑक्टोबरला गाण्यांच्या कार्यक्रमासोबत एका संध्याकाळी 'हाफ टिकट' मोठ्या पडद्यावर दाखवा, आणि सन्मानात अभिनयाची पाळी येईल तेव्हा एखाद्या हसवणाऱ्या नटाचा किंवा नटीचा विचार करा. बऱ्हाणपूर-खकनारच्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवात ऑर्केस्ट्राच्या एका रात्रीऐवजी 'चलती का नाम गाडी' लावला तरी चालेल. आणि वाचकहो, पुढच्या वेळी आवडत्या दहा भूमिका लिहून काढाल तेव्हा निदान तीन अशा घ्या, ज्यांनी तुम्हाला पोट धरून हसवले होते.